भिंत झाकण्याआधी…

दसरा-दिवाळी जवळ आली की घराच्या भिंती आपोआप डोळ्यांत खुपायला लागतात. पावसाळ्यात ओल आलेली असते, कोपऱ्यात पोपडे निघालेले असतात, खालच्या दोन-तीन फुटांवर पांढरा खार फुटलेला असतो. पूर्वी यावर उपाय एकच, सारवण आणि चुना. आता दुसरा उपाय बाजारात आलाय, पीव्हीसी पॅनलचा. आठ-दहा फूट लांब प्लास्टिकच्या पट्ट्या, एकीत एक अडकवायच्या आणि स्क्रूनं ठोकायच्या. संगमरवरासारखी म्हणा, सागवानासारखी म्हणा, हवी ती छटा मिळते. बसवणारा सांगतो, "ताई, दोन दिवसांत घर चकाचक. ओल दिसायचंच नाव नाही!"

ओल दिसणार नाही, हे तो खरंच सांगतो. पण ती जाणार का, हे सांगत नाही.

हदगावातलं आमचं घर जुनं, दगडमातीचं. निम्मं माळवद, निम्म्यावर पत्रे. पावसाची झड ज्या बाजूनं येते, ती भिंत दरवर्षी भिजायची. घरात सगळ्यांचं मत पडलं, "झाकून टाकू एकदाची." नाही म्हणाल्या त्या फक्त सासूबाई. भिंतीवर तळहात टेकवून म्हणाल्या, "भितीनं पाणी पिलंय बाई. आधी ते कुठून येतंय ते बघा, मग घाला तिला झबलं."

मैत्रिणींनो, या बोलण्यात मोठं शहाणपण आहे. सारवणं, पोतारणं हे आपण बायकांचं कंटाळवाणं काम समजत आलो. पण वर्षातून दोनदा भिंतीच्या इंच-इंच जागेवरून हात फिरायचा. कुठं गार लागतंय, कुठं माती सुटलीय, कुठं नवी चीर पडलीय, कुठं भिंतीला पोट आलंय, हे त्या हाताला कळायचं. ती भिंतीची तपासणीच होती, फक्त तिला कुणी तसं म्हटलं नाही. पॅनल लागलं की ही तपासणी कायमची बंद!

अमेरिकेतलं 'झबलं'

आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी अमेरिकेत असतंच. त्यांचे घराचे फोटो नीट बघा. बाहेरून आडव्या फळ्या लावल्यासारख्या दिसतात. बऱ्याच घरांवर त्या लाकडी नसतात, तर प्लास्टिकच्या, म्हणजे विनाइलच्या असतात. तिकडं त्याला साइडिंग म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आलं आणि रंग द्यायची कटकट नको म्हणून जुन्या घरांवरही चढलं.

पण ते लावायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पट्टी भिंतीला घट्ट ठोकत नाहीत, खिळ्यावर जवळजवळ टांगतात. खिळा लांबट खाचेच्या मधोमध मारायचा आणि डोकं किंचित वर ठेवायचं. कारण उन्हाळा-हिवाळ्यात बारा फुटांची पट्टी अर्ध्या इंचाहूनही जास्त लांब-आखूड होते. घट्ट ठोकली तर फुगून वाकडी होणार. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी तिथून गळून जातं. पट्टीच्या मागं आणखी एक कापडासारखा थर असतो. तो पाणी अडवतो, पण वाफ बाहेर जाऊ देतो. म्हणजे पाणी आत जाणारच, हे धरून त्याला बाहेरची वाट ठेवलेली असते. शिवाय ते आधी भिंत कोरडी आणि पक्की आहे ना, ते बघतात. साइडिंग ही भिंतीची छत्री आहे, औषध नव्हे.

आपल्याकडं तरी वेगळं काय होतं? कोकणात पावसाळ्याआधी भिंतींना नारळाच्या झावळ्यांचे झाप लावतात. झड झापावर अडते, आतली भिंत हवा खात राहते. पाऊस सरला की झाप काढायचे, भिंत उन्हात मोकळी. तत्त्व तेच.

भिंत श्वास घेते

दगडमातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि उन्हा-वाऱ्यानं बाहेर टाकते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. सिमेंटचा गिलावा तिचा श्वास कोंडतो. मग पाणी बाहेर पडायला वाट शोधत आणखी वर चढतं आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा धपकन खाली येतो. आतून घट्ट ठोकलेलं पॅनलही तेच करतं. मागं अंधार, ओल आणि लाकडी पट्ट्या. वाळवीला आणखी काय हवं?

आम्ही म्हणून आधी पाण्याचा माग काढला. न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत होतं, ते नळीनं लांब काढलं. पत्र्याची पन्हळ दुरुस्त केली. अंगण भिंतीकडं उतरत होतं, तिथं माती काढून उतार बाहेरच्या बाजूला केला. मग एक अख्खा उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवली. येणारे-जाणारे विचारायचे, "काम अर्धवट का सोडलं?" सोडलं नव्हतं, भिंत वाळत होती.

वाळल्यावर मातीचा गिलावा दिला. मग फक्त झडीच्या बाजूला, बाहेरून, लोखंडी चौकटीवर पत्रे लावले. भिंत आणि पत्रा यांत चार बोटं जागा, वरून वळचण, खालून मोकळं. खालच्या फटीला बारीक जाळी मारली, नाहीतर विंचू आणि उंदरांना आयतं घर! आत पॅनल लावलंच नाही. चुना मारला.

चीर झाकू नका

ओलीपेक्षाही मला काळजी वाटते ती चिरांची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पाया हलतो. शिवाय जुन्या रुंद भिंती बहुधा दोन पदरी असतात. आत दगड, बाहेर दगड आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर पदर सुटतात आणि भिंतीला पोट येतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसं गेली. अशाच दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद त्यांच्या अंगावर आलं. आपल्याकडंही जमीन अगदी निवांत नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेड जिल्ह्यातही जाणवले. अशा धक्क्यानंतर भिंतीला नवी चीर पडली का, हे बघायचं असतं. ती चीर पॅनलमागं असेल तर बघणार कशी?

किल्लारीनंतर सरकारनं घरं बांधली, तशीच हजारो जुनी घरं मजबूत करण्याचा कार्यक्रमही घेतला. भिंतीला आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरायचं, माळवदावरची जादा माती उतरवायची, असली ती कामं. त्यात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढं आणलं. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्या बायका दुरुस्ती कशी करायची हे घरोघरी समजावून सांगू लागल्या. हे आपल्याच मराठवाड्यात घडलं. मग आपल्या घराच्या भिंतीचा निर्णय मिस्त्री आणि दुकानदारावर का सोडायचा?

एवढं करून बघा

- फूटभर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं चारी बाजूंनी भिंतीला चिकटवा. दोन दिवसांनी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर पाणी भिंतीतून येतंय. झाकू नका.

- चिरेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आडवी लावा, तारीख लिहा. ती तडकली तर भिंत अजून हलतेय. जाणत्या इंजिनिअरला दाखवा.

- पोट आलेली भिंत कधीच झाकू नका.

- पॅनल लावायचंच असेल तर कोरड्या भिंतीवर, धातूच्या चौकटीवर आणि मागं हवा खेळेल असं लावा. आतल्या कामासाठीचं पॅनल बाहेर उन्हात लावू नका, ते कडक होऊन तडकतं.

- गॅसच्या शेगडीमागं पॅनल नको. पीव्हीसी पेटलं की त्याचा धूर विषारी असतो.

- एखादी पट्टी काढता येईल अशी ठेवायला सांगा, म्हणजे वर्षातून एकदा मागं डोकावता येईल.

घर सुंदर दिसावं असं कुणाला वाटत नाही? जरूर दिसावं. फक्त बसवणाऱ्याला आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा भिंतीवरून आपला हात फिरवा. गार लागलं, तर पैसे पदरातच ठेवा आणि आधी पाणी शोधा.