परप्रांतातील जुनी मोटार

कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीवर बोलावे याचे काहींना हसू येईल. परंतु निवृत्तीचे पैसे घालून जुनी मोटार घेणारा कामगारच या व्यवहारात अधिक भरडला जातो. दिल्लीत 10 वर्षांवरील डिझेल मोटारींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली बंदी घातली आणि तिकडच्या मोटारी इतर प्रांतांत स्वस्त दिसू लागल्या. दिसू लागल्या, एवढेच आम्ही म्हणतो!

व्यापारी सांगतो ती किंमत लोखंडाची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे 28 क्रमांकाचा फॉर्म, मिळाल्यावाचून मोटार इकडे आपल्या नावावर चढत नाही. ती 12 महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर नंबरही इथला घ्यावा लागतो. कर येथे नव्याने भरायचा. तिकडे भरलेल्याचा परतावा निराळा मागायचा. हा आकडा व्यापारी सहसा गिळतो. मोटारीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा कागदही पाहावा.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. आधी तेच मागावे. ‘दाखला मागाहून पाठवतो’ म्हणणाऱ्याच्या हाती सगळी रक्कम ठेवू नये. नाव चढेपर्यंत काही राखून ठेवावी आणि तसे लिहून घ्यावे. तरीही फसवणूक झालीच तर दिल्लीला खेटे घालण्याचे कारण नाही. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेच तक्रार करता येते.