तण ओळखा, मगच फवारा



लावणीला पंधरा-वीस दिवस झाले की आंबिवलीकडच्या खाचरांत सगळं हिरवंच दिसतं. पण त्या हिरव्यात तीन वेगवेगळी घराणी असतात. घराणं न ओळखता फवारलं, तर औषध वाया जातं आणि तण तसंच राहतं.

१) *गवताचं घराणं:* खोड गोल, त्यावर पेरं. भात आणि रानसावा दोघेही यातलेच, म्हणून फसगत होते. पान खोडाला मिळतं तिथे बघा. भाताला पातळ पापुद्रा आणि बारीक कान असतात. रानसाव्याला दोन्ही नसतात.

२) *लव्हाळ्याचं घराणं:* खोड बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. बांधावरचा आणि भाजीच्या वाफ्यातला लव्हाळा वरून कापला तर पुन्हा येतो, कारण खाली गाठी असतात. त्या गाठींसकट खणून काढा.

३) *रुंद पानाचं घराणं:* माक्यासारखी. पानावर शिरांची जाळी दिसते.

२,४-डी हे औषध रुंद पानाच्या तणावर चालतं, रानसाव्यावर नाही. शिवाय वाऱ्याने उडून शेजारच्या भेंडी-टोमॅटोची पानं वाकडी करतं. वारा असेल तर फवारूच नका.

*पाण्याचा उपयोग करून घ्या.* भाताच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून प्राणवायू मुळांपर्यंत जातो. म्हणून भात पाण्यात उभा राहतो. बऱ्याच तणांचं बी मात्र पाण्याखाली नीट उगवत नाही. रोपं रुजल्यावर खाचरात दोन इंच पाणी टिकवा, फुटलेले बांध लगेच लिंपा. रानसावा एकदा मोठा झाला की तोही पाण्यात तग धरतो. तो लहान असतानाच उपटा, बी धरू देऊ नका.

खाडीकडे शेत असलेल्यांसाठी: तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतं, म्हणून खाऱ्या चिखलात जगतं. साध्या भाताला ते जमत नाही. खारजमिनीसाठी पनवेल-१, २, ३ हे क्षार सोसणारे वाण आहेत. पुढच्या हंगामाच्या बियाण्याचा विचार आत्ताच करून ठेवा.

आज एवढंच करा: खाचराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक तण मुळासकट उपटा, खोड बोटांत फिरवून बघा. कळलं नाही तर फोटो ग्रुपवर टाका. आधी ओळख, मग दुकान. 🙏