वाटशोधाची शर्यत

भूगोलाच्या तासाला नकाशावर अचूक बोट ठेवून उत्तर दिशा दाखविणारीं मुलें पटांगणांत आणून उभीं केलीं, म्हणजे तीच दिशा दाखवितांना गोंधळून जातात, असा आमचा शिक्षकी पेशांतील नित्याचा अनुभव आहे. मुलांस हंसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं.

गोंदिया जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला. त्यापूर्वीं, तो भंडारा जिल्ह्याचाच भाग असतां, नोकरीच्या आरंभीं आम्ही बारा मुलांना घेऊन नवेगांवबांधच्या रानांत गेलों होतों. दुपारीं आभाळ भरून आलें, सूर्य दिसेना, आणि पायवाटेला फांटे फुटूं लागले. शंकुच्छायेवरून दिशा साधण्याचा विधि आम्हांस मुखोद्गत होता. पण सूर्यच नाहीं तेथें छाया कोठून येणार? होकायंत्र शाळेच्या कपाटांत सुखरूप होतें! अखेरीस एका शेतकऱ्याचा मुलगा भीत भीत म्हणाला, "गुरुजी, हा ओढा तळ्यालाच मिळणार." त्याच्या मागोमाग आम्ही उतरलों. दिवेलागणीस तलावाची पाळ दिसली, तेव्हां आमच्या जिवांत जीव आला. त्या दिवशीं गुरु कोण व शिष्य कोण, हें सांगणें नकोच.

पाश्चात्त्यांनीं ह्याच विद्येची शर्यत केली आहे. तिला ओरिएंटिअरिंग म्हणतात. स्पर्धकाच्या हातीं नकाशा व होकायंत्र देतात. नकाशावर रानांतील कांहीं ठिकाणें खुणावलेलीं असतात. तीं क्रमानें गांठावयाचीं. मात्र वाट ज्याची त्यानें ठरवावयाची. जवळची वाट चढणीची, तर सोपी वाट वळशाची. म्हणून केवळ वेगवान् पायांचा येथें निभाव लागत नाहीं. हा शब्द १८८६ सालीं स्वीडनच्या लष्करी शिक्षणांत रूढ झाला. ता. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजीं नॉर्वेंत पहिली सार्वजनिक शर्यत झाली. पुढें मैदानी धांवण्यांतून तरुणांचें मन उडत आहे, असें पाहून बालवीर चळवळींतील मेजर किलँडर यांनीं १९१९ सालीं स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरविली व खेळाला शिस्त आणली. १९६१ सालीं कोपनहेगन येथें आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९६६ सालीं फिनलंडांत पहिली जागतिक स्पर्धा झाली. आतां शाळकरी मुलामुलींच्याही जागतिक स्पर्धा भरतात.

ही विद्या आपणांस परकी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. सपाट भूमीवर काठी उभी रोवून तिच्याभोंवतीं वर्तुळ काढावें. सकाळीं सावलीचें टोंक वर्तुळांत शिरतें तेथें एक व दुपारनंतर बाहेर पडतें तेथें दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. यज्ञवेदीसाठीं हा विधि शुल्बसूत्रकारांनीं सांगून ठेविला आहे. अर्वाचीन काळाचा दाखला हवा असल्यास आपल्या विदर्भांतीलच घ्या. १८०२ सालीं मद्रासेस हिंदुस्थानच्या महान् त्रिकोणमितीय मोजणीस हात घालणारे विल्यम लँबटन, वीस वर्षांवर तें काम रेटीत उत्तरेकडे येत असतां, १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें वारले. त्यांची समाधि तेथेंच आहे. आज खिशांतील यंत्रावर बोट लावतांच जो नकाशा उघडतो, त्याच्या मागें अशीं कितीतरी आयुष्यें खर्चीं पडलीं आहेत.

तें यंत्र वाट दाखवितें खरें. पण त्याची विद्युत् सरली, म्हणजे मूल पुन्हां आमच्या त्या दुपारींच येऊन उभें राहतें. म्हणून गृहस्थांस व गृहिणींस आमची विनंति एवढीच, कीं पुढल्या रविवारीं अंगणांत एक काठी रोवावी. आजोबांनीं वर्तुळ काढावें, नातवंडांनीं खुणा कराव्या. आणि त्यांत मुलींस मागें ठेवूं नये. मग गांवाचा साधा नकाशा त्यांच्याकडूनच काढवून, देवळापासून तळ्यापर्यंतची वाट त्यांनाच शोधूं द्यावी. चार पावलें चुकतील तर चुकूं द्यावीं. वडील माणूस पाठीशीं असतां चुकलेली वाट पुढें एकट्यानें चालतांना उपयोगी पडते.