गाठ साधी, पण हृदयातली

‘गाठ कॅन्सरची नाही’ हे ऐकलं की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात. गाठ हृदयात असेल तर मात्र जरा थांबा.

मोठ्या माणसांच्या हृदयातली अशी नेहमीची गाठ म्हणजे मिक्सोमा. चारपैकी साधारण तीन वेळा ती डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात असते. मधल्या पडद्याला देठाने लटकलेली, बऱ्याचदा जेलीसारखी लिबलिबीत. प्रत्येक ठोक्याला ती हलते आणि कधी कधी तिचा तुकडा सुटतो. डाव्या बाजूचा तुकडा थेट महाधमनीत जातो आणि तिथून अनेकदा मेंदूत. वाहिनी बुजली की स्ट्रोक! तरुण माणसाला बीपी-शुगर नसताना स्ट्रोक आला तर डॉक्टर हृदयाचा इको करायला सांगतात, ते उगाच नाही. गाठ सापडली की ऑपरेशन सहसा लांबवत नाहीत. १९५४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी हार्ट-लंग मशीन लावून अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. त्याआधी ती बहुतेकदा शवविच्छेदनातच दिसायची.

इथवर सगळं सरळ आहे. मला खरा रस आहे तो पुढच्या भागात.

मेंदूत गेलेला तुकडा म्हणजे नुसती रक्ताची गुठळी नसते, त्यात गाठीच्या जिवंत पेशी असू शकतात. त्या वाहिनीच्या भिंतीत शिरतात, तिथे तग धरतात. भिंतीचं विणकाम उसवणारी एन्झाइम्स तयार होतात, इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारं प्रथिनही यात सामील असावं असं मानतात. सायकलची ट्यूब कमकुवत जागी फुगते ना, तशी भिंत फुगते. हाच एन्युरिझम. तो फुटला तर मेंदूत रक्तस्राव. आणि हे मूळ गाठ काढल्यावर काही वर्षांनीही होऊ शकतं!

मग या गाठीला ‘साधी’ का म्हणायचं? कारण तो शब्द पेशींच्या स्वभावाबद्दल आहे, पेशंटला असलेल्या धोक्याबद्दल नाही. (आमच्या क्षेत्रातल्या नावांनी असा घोळ नेहमीच होतो.)

सगळ्यांनाच एन्युरिझम होतो असं नाही, ही गुंतागुंत दुर्मीळ आहे. झालेले काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही वाढतात, त्यामुळे उपचारांचा एकच ठरलेला नियम नाही. पण तुमच्या ओळखीत कुणाचं मिक्सोमाचं ऑपरेशन झालं असेल आणि नंतर नवीन डोकेदुखी किंवा फिट सुरू झाली, तर डॉक्टरांना जुन्या गाठीबद्दल आवर्जून सांगायला हवं, ऑपरेशनला पाच वर्षं झाली असली तरी.