बाजूला एक पाऊल

फायटिंग गेम टू-डी की थ्री-डी, हे चित्रावरून ठरवायचं नसतं, पायांवरून ठरवायचं असतं. पडद्यावरचा लढवय्या फक्त पुढे-मागे आणि वर जातो, की समोरच्याला बगल देऊन बाजूलाही सरकतो? ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या व्हिडिओ गेम पार्लरांत वाढलेल्या आमच्या पिढीचे याबाबतचे वाद ‘ग्राफिक्स भारी’ इथवर येऊन थांबायचे. माझ्या डोक्यातून मात्र तो विषय गेला नाही.

1991 चा ‘स्ट्रीट फायटर टू’ बघा. त्यातल्या रियू या लढवय्यासाठी स्टिक खाली, तिरकी, पुढे आणि पंच: हाडुकेन हा ऊर्जेचा गोळा सुटला. गोळा अडवला तरी थोडी ताकद जातेच. वरून उडी मारावी, तर हवेत दिशा बदलता येत नाही आणि खाली रियू शोर्युकेन, म्हणजे वर उसळणारा ठोसा, मारायला टपलेला. म्हणजे सगळा खेळ अंतराचा. कधी पुढे सरकायचं आणि कधी हात आवरायचा, हे ज्याला कळलं तो जिंकला. कोपऱ्यात दाबल्या गेलेल्याला सुटका अवघड. कॉम्बो नावाची चीज मात्र गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने ठरवून केलेली नव्हती. गाडी फोडायचा बोनस राउंड तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना एका फटक्याला जोडून दुसरा बसताना दिसला. ती चूक त्यांनी राहू दिली, आणि तिच्यावर पुढे हा सगळा खेळप्रकार उभा राहिला.

थ्री-डीच्या बाजूला मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते सेइची इशिई या माणसाने. 1993 मध्ये सेगाचा ‘व्हर्च्युआ फायटर’ आला. त्याचे जनक म्हणून यू सुझुकी यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण गेमच्या रचनेत इशिईंचाही हात होता. बहुभुजांनी घडवलेली माणसं, फिरणारा कॅमेरा, सगळं नवं. लढत मात्र तीच, एका रेषेवरची! हवं तेव्हा बगल द्यायचं बटण त्या मालिकेत आलं 1996 मध्ये, तिसऱ्या भागात. थ्री-डी म्हणून जे मिरवलं गेलं, ते सुरुवातीला नुसतं रूप होतं.

इशिई मग नाम्को या दुसऱ्या गेम कंपनीत गेले आणि पहिले दोन ‘टेकन’ त्यांनी दिग्दर्शित केले. ‘टेकन’ची सुरुवात फायटिंग गेम म्हणून झालीच नव्हती. थ्री-डी माणसं हलवून बघायचा तो नाम्कोचा अंतर्गत प्रयोग होता. पार्लरमधलं त्याचं यंत्र प्लेस्टेशनच्याच धाटणीवर बांधलेलं, त्यामुळे गेम फारसा न बिघडता घरच्या टीव्हीवर आला. आमच्याकडे याचा परिणाम मोठा झाला. अवजड कॅबिनेट आणायची ऐपत नसलेला दुकानदारही एक टीव्ही नि एक प्लेस्टेशन मांडून तासावर गेम देऊ लागला.

1998 मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘टेकन थ्री’मध्ये उड्या बुटक्या झाल्या आणि बाजूला सरकणं सगळ्यांच्या हाती आलं. चार बटणं, दोन हात आणि दोन पाय. सरळ रेषेतला फटका आता एका पावलाने फुकट जाऊ लागला. आणि त्यातला एडी हा लढवय्या! लाथांची दोन बटणं बडवत राहिलं तरी नवशिक्या जिंकायचा, म्हणून एडी घेतला की भांडण ठरलेलं. माझ्या मते ते भांडण रास्त नव्हतं. सरळ येणाऱ्या लाथांना बगल देता येत होती. आम्ही ती देत नव्हतो, कारण आमचे पाय अजून रेषेवरच होते.

ती रेषा पुढेही टिकली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये मयंक प्रजापती आणि अयान विश्वास भारताकडून ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ खेळले. चित्र थ्री-डी, लढत रेषेवरची. सुवर्ण मिळालं कोरियाच्या 44 वर्षांच्या किम ग्वान-वू यांना. लहानपणी पार्लरमध्ये एकाच युक्तीने जिंकलं की मोठ्या पोरांचा मार बसायचा, असं त्यांनी नंतर सांगितलं. ते इथल्या पार्लरमधल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

टू-डी आणि थ्री-डी या दोन्ही घरांमधला दुवा मला सापडला तो लाहोरमध्ये. तिथला खेळाडू अर्सलान ॲश आधी ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळायचा, म्हणजे निव्वळ टू-डी. 2019 मध्ये ‘टेकन सेव्हन’मध्ये त्याने आधी एव्हो जपान ही फायटिंग गेमची स्पर्धा आणि मग लास वेगासची एव्हो जिंकली, लास वेगासच्या अंतिम लढतीत समोर कोरियाचा ‘नी’ हा खेळाडू होता. अर्सलानची लढत बघताना मला रेषेवर घोटलेली शिस्त दिसते: उगाच फटका नाही, समोरच्याचा हुकला की लगेच शिक्षा, आणि बाजूचं पाऊल गरजेपुरतंच. स्वतःपेक्षा सरस खेळाडू पाकिस्तानात आहेत, असं अर्सलान सांगायचा. ते बघायला ‘नी’ खरोखरच पाकिस्तानात गेला.