विश्लेषण : किलोवर विकल्या जाणाऱ्या जुन्या ‘लेगो’ची रास्त किंमत कशी ठरवायची?

‘लेगो ब्लॉक्स, चार किलो, मुलगा मोठा झाल्याने विकणे आहे. १० हजार रुपये. घासाघीस नाही.’ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर अशा जाहिराती अधूनमधून दिसतात. सोबत रंगीबेरंगी ठोकळ्यांच्या ढिगाचा एक फोटो. नव्या सेटच्या किमती पाहून दचकलेल्या पालकांना हा मार्ग सोयीचा वाटतो. पण अडीच हजार रुपये किलो हा दर स्वस्त की महाग? सोन्याचा भाव रोज छापून येतो, भंगाराचाही ठरलेला असतो. या ढिगाचा भाव मात्र विकणाऱ्याने सांगावा आणि घेणाऱ्याने मानावा, असाच मामला आहे. थोडे वजन, थोडी मोजणी आणि साधा गुणाकार केला तर त्यातला अंदाजपंचे कारभार बराच कमी करता येतो.

जुन्या ठोकळ्यांना एवढी किंमत का?

लेगो कंपनी डेन्मार्कमधील बिलुंड या गावात १९३२ मध्ये सुरू झाली. आज आपण पाहतो त्या रचनेच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी कंपनीने जानेवारी १९५८ मध्ये अर्ज केला. वर गोल बटणे आणि आत पोकळ नळ्या, अशी ती रचना. तेव्हापासून मापे बदललेली नाहीत, त्यामुळे १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. दुसरे कुठले खेळणे तीन पिढ्या असे चालते, हे आठवून पाहा. १९६३ पासून ठोकळे एबीएस या टणक प्लास्टिकचे बनू लागले आणि नीट ठेवले तर ते वर्षानुवर्षे पकड सोडत नाहीत. म्हणजे ‘वापरलेला’ ठोकळा बहुतेकदा ‘झिजलेला’ नसतो.

भारतात त्यात आणखी एक कारण मिसळते. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. नवा डबा महागला की जुन्या ढिगाचा मालकही आपला आकडा वर नेतो. परदेशातून परतलेली कुटुंबे सोबत आणतात तो माल सोडला तर जुन्या लेगोचा पुरवठाही इथे मर्यादित आहे.

मग किलोच्या दरात अडचण काय?

किलोमध्ये काय आहे, हे किलो सांगत नाही. दोन बाय चार बटणांचा नेहमीचा ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा असतो. पण ढिगात त्याहून कितीतरी छोटे तुकडे असतात, म्हणून मिश्र ढिगात एका किलोला ढोबळमानाने ७०० ते ९०० तुकडे धरले जातात. आता त्यात ठोकळे रोवायच्या दोन मोठ्या पाट्या, एखाद्या जहाजाचा अखंड तळ आणि मूठभर ‘डुप्लो’ टाका. डुप्लो ही लेगोचीच लहान मुलांसाठीची मालिका आहे. तिचे ठोकळे लांबी, रुंदी, उंची तिन्हीत दुप्पट, म्हणजे आकारमानाने आठपट असतात. वजन भरते, तुकडे मात्र कमी मिळतात.

या विषयावरचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्सचे आहे. झाक मातेई या प्रोग्रॅमरने ई-बेवर जुन्या लेगोच्या अनेक ढिगांवर बोली लावली आणि सकाळी उठून पाहतो तर बऱ्याचशा बोली त्यानेच जिंकल्या होत्या. सगळ्या बोली आपणच जिंकत असू तर आपण जास्त पैसे लावतोय, हा त्याने काढलेला पहिला निष्कर्ष. घरात सुमारे दोन टन लेगो येऊन पडले. २०१७ मध्ये त्याने नोंदवलेले दर असे होते : मिश्र ढीग किलोला सुमारे १० युरो, सेटनुसार लावलेला माल सुमारे ४० युरो आणि दुर्मीळ किंवा ‘टेक्निक’ मालिकेचे सुटे भाग किलोला शेकडो युरो. प्लास्टिक तेच, वजन तेच. फरक फक्त वेगळे काढण्याच्या मेहनतीचा. ती मेहनत हाताने परवडेना म्हणून त्याने सरकता पट्टा, कॅमेरा आणि न्यूरल नेटवर्क वापरून तुकडे ओळखणारे यंत्रच बांधले. (इंजिनीअर मंडळींना ही गोष्ट सांगितली की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि यंत्रावरच चर्चा सुरू होते.)

आपल्यासाठी अर्थ एवढाच, की वेगळा न केलेला ढीग घेताना वेगळ्या केलेल्या मालाचा दर द्यायचा नाही. ‘ब्रिकलिंक’ या सुट्या लेगोच्या ऑनलाइन बाजारात प्रत्येक तुकड्याचा गेल्या सहा महिन्यांतील विक्रीदर दिसतो. हा बाजार २००० मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला. पण तिथला दर म्हणजे धुतलेल्या, निवडलेल्या, रंगानुसार मांडलेल्या तुकड्याचा किरकोळ दर. त्याला हजाराने गुणून कोणी ढिगाची किंमत सांगत असेल तर हसून पुढे जावे.

खरा लेगो किती, हे कसे ओळखायचे?

मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क सांगण्याचा लेगोचा प्रयत्नही युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये फसला. त्यामुळे लेगोवर बसणारे ठोकळे स्वतःच्या नावाने विकणे बेकायदा नाही. कॅनडात सुरू झालेले ‘मेगा’ हे त्याचे जुने उदाहरण. सेटच्या सेट हुबेहूब उचलणारा ‘लेपिन’सारखा प्रकार वेगळा. त्यावर चीनमध्ये २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई केली. जुन्या ढिगात हे सगळे एकत्र नांदत असते आणि विकणाऱ्याला ते अनेकदा खरोखरच माहीत नसते. वाढदिवसाला आलेले सगळे डबे एकाच बादलीत रिकामे झालेले असतात.

ओळख सोपी आहे. खऱ्या लेगोच्या प्रत्येक बटणावर कंपनीचे नाव बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेले असते. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की ते दिसते. बटणे नसलेल्या भागांवर ते बाजूला किंवा आत शोधावे लागते. दुसरी खूण बोटांना कळते. दोन ठोकळे जोडून पाहा. लेगो ठाम बसतो आणि फार जोर न लावता निघतो. इतर ठोकळे कधी सैल बसतात, कधी निघतच नाहीत.

मात्र सगळा ढीग तपासत बसायची गरज नाही. ढीग हाताने नीट ढवळून, तळापासून, न निवडता १०० तुकडे काढा. वरचा थर घेऊ नका. फोटोसाठी चांगला माल वर आणलेला असतो. १०० पैकी ३० तुकडे बिगरलेगो निघाले तर संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने संपूर्ण ढिगात ते प्रमाण साधारण २१ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते. भाव करायला एवढा अंदाज पुरतो. दहा मिनिटांचे काम आहे. त्यालाच कोणी नकार देत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

१० हजारांच्या ढिगाचा हिशेब कसा मांडायचा?

वरच्या जाहिरातीचेच उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. आपल्या ढिगाला आपले आकडे लावावेत.

प्रवासाच्या बॅगा मोजायच्या हुकाच्या काट्यावर पिशवी चार किलो भरली. विक्रेत्याचे गणित असे : चार किलो म्हणजे ३,२०० तुकडे, म्हणजे तुकडा जेमतेम तीन रुपयांना. आता पाट्या, डुप्लो, मधेच घुसलेल्या गाड्या आणि सोंगट्या बाजूला काढल्या आणि अर्धा किलो गेला. उरले साडेतीन किलो. १०० तुकड्यांच्या नमुन्यात २० बिगरलेगो आणि पाच तुटके किंवा चावलेले निघाले. म्हणजे कामाचा माल ७५ टक्के, सुमारे २.६ किलो. किलोला ८०० प्रमाणे साधारण २,०८० तुकडे. १० हजार भागिले २,०८० केले की तुकडा पडतो चार रुपये ८० पैशांना.

नव्याचा दर काय? त्यासाठी लेगोच्या ‘क्लासिक’ मालिकेतला ७९० तुकड्यांचा डबा चांगला मापदंड आहे, कारण त्यात कुठल्या चित्रपटाच्या नावाचे पैसे मिसळलेले नसतात. त्या दिवशीची दुकानातली किंमत पाहा आणि ७९० ने भागा. समजा तुकडा सहा रुपयांना पडला. म्हणजे आपला विक्रेता न धुतलेल्या, न निवडलेल्या मालाला नव्याच्या ८० टक्के दर मागतो आहे.

साध्या, मिश्र, जुन्या ठोकळ्यांना नव्याच्या एक चतुर्थांश दर हा बोलणी सुरू करायला योग्य आकडा वाटतो. माल स्वच्छ आणि जवळपास पूर्ण खरा असेल तर एक तृतीयांशापर्यंत जायला हरकत नाही. या उदाहरणात दीड रुपया गुणिले २,०८०, म्हणजे ३,१२० रुपये. दोन रुपये धरले तरी ४,१६० च. १० हजार आणि चार हजार यांतली दरी ‘पाचशे कमी करा’ म्हणून भरून निघणारी नाही. बिगरलेगो ठोकळे मुलांना खेळायला चालतात, फेकून द्यायची गरज नाही, पण त्यांचे पैसे मोजायचे नाहीत.

मिनीफिगरचे गणित वेगळे का?

१९७८ पासून येणारी ही छोटी माणसे वजनाला नगण्य आणि किमतीला अनेकदा ढिगातली सर्वांत भारी असतात. ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या २००३ मधील क्लाउड सिटी या सेटमधला बोबा फेट एकटाच हजार डॉलरच्या पुढे जातो. तो आपल्या शेजाऱ्याच्या पिशवीत सापडेल, या आशेवर मात्र पैसे लावू नयेत. नेहमीचा अनुभव उलटा. माणसे आधीच काढून घेतलेली असतात आणि उरतात नुसते पाय, टोप्या. मिनीफिगर किलोत न धरता स्वतंत्र मोजा. डोके, केस किंवा हेल्मेट, धड आणि पाय जुळणारे आहेत का, काखेपाशी धडाला चीर गेली आहे का, हे पाहा. मोटर, रुळांचे तुकडे, मोठी चाके यांचाही भाव वेगळा ठरवावा.

आणखी काय पाहावे?

वास. सिगारेटचा किंवा बुरशीचा वास चिकाटीचा असतो. उन्हात राहिलेले पांढरे आणि करडे ठोकळे पिवळट पडतात. ते खेळायला चालतात, पण त्यांचा भाव पडतो. साधारण २०१० च्या आगेमागे बनलेले तांबूस तपकिरी तुकडे जोडताना-काढताना तडकतात, अशी हौशी मंडळींची जुनी तक्रार आहे. धुताना पाणी ४० अंश सेल्सियसपेक्षा गरम नको आणि वॉशिंग मशीन तर नकोच.

ढीग १९७०-८० च्या दशकातला असेल तर विचार भावाच्या पलीकडचा आहे. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकाने २०१८ मध्ये सुमारे २०० जुनी प्लास्टिकची खेळणी तपासली. त्यात कॅडमियम, शिसे अशी घातक मूलद्रव्ये आढळली, विशेषतः लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगात. तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलाला असा माल देऊ नये, फुकट मिळाला तरी. तीन वर्षांखालील मुलांसाठी छोटे तुकडे तसेही धोक्याचेच.

‘लेगो सोन्यापेक्षा वाढतो’ हे खरे का?

हे वाक्य भाव करताना हमखास ऐकू येते. त्यामागे रशियातील अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास आहे. १९८७ ते २०१५ या काळातील सेटच्या पुनर्विक्रीतून वर्षाला सरासरी किमान ११ टक्के परतावा मिळाल्याचे त्यांनी दाखवले. पण तो होता न उघडलेल्या, सीलबंद, उत्पादन थांबलेल्या सेटचा. बादलीतल्या सुट्या ठोकळ्यांना तो लागू करणे म्हणजे हापूसचा भाव कोयींना लावणे.

‘यात सहा सेट पूर्ण आहेत’ हा दावाही असाच तपासून घ्यावा. सेटचा क्रमांक घेतला की लेगोच्या संकेतस्थळावर बहुतेक सेटची सूचनापुस्तिका मोफत मिळते आणि तिच्या शेवटी तुकड्यांची यादी असते. सेट समोर बांधलेला असेल तरच पूर्ण माना. चार तुकडे कमी असले तर ते परदेशातून मागवायचा खर्च तुकड्यांपेक्षा जास्त होतो.

विकणाऱ्याने काय करावे?

नुकसान दोन्ही बाजूंनी होते. मुलगी कॉलेजला गेली, माळ्यावरची पेटी खाली आली आणि रद्दीवाल्याला प्लास्टिकच्या भावात गेली, असेही घडते. पूर्ण ढीग निवडत बसायची गरज नाही. त्या तासांचे पैसे क्वचितच वसूल होतात. डुप्लो, पाट्या आणि बिगरलेगो वेगळे करा. मिनीफिगर जुळवून त्यांचा एक स्पष्ट फोटो काढा. सूचनापुस्तिका सापडल्या तर त्यांवरचे क्रमांक जाहिरातीत लिहा. ढीग चादरीवर एका थरात पसरून फोटो काढला, काट्यावरचे वजन दिसेल असा दुसरा फोटो जोडला आणि ‘बिगरलेगो तुकडे वेगळ्या पिशवीत, फुकट’ असे स्पष्ट लिहिले, तर १० हजार नाही, पण नव्याच्या एक तृतीयांश दर आत्मविश्वासाने मागता येतो.