खिडकी उघडी, जोडणी मोकळी

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक खिडक्या उघडतात, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. ग्रंथालयाच्या काउंटरवरचे उदाहरण घेऊ. एका खिडकीत सभासदांची माहिती, दुसरीत पुस्तकांची यादी, तिसरीत आजची देवघेव. समोर बसलेल्याची समजूत अशी, की या तिन्ही खिडक्या एकाच नोंदवहीवर उघडतात. ही समजूत कितपत खरी ठरेल, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या एका निर्णयावर अवलंबून असते: या खिडक्यांनी डेटाबेसशी जोडणी कशी ठेवायची? मी ग्रंथालयांसाठी असे प्रोग्राम लिहितो. हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही, असे माझे मत का झाले ते येथे मांडतो.

जोडणी म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातले चालू संभाषण. ते सुरू करताना ओळख पटवावी लागते, जागा राखावी लागते. ‘पोस्टग्रेस’ या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रक्रिया चालते, आणि मूळ मांडणीत अशा जोडण्यांची मर्यादा 100 असते. 12 संगणकांवर प्रत्येकी 9 खिडक्या आपापली जोडणी धरून बसल्या, तर बेरीज 108 होते. मग कुणाला तरी दार बंद मिळते.

पण संख्या ही अडचणीची लहान बाजू. मोठी बाजू व्यवहाराची. पुस्तक दिले की दोन नोंदी होतात: पुस्तक बाहेर गेले आणि ते अमक्या सभासदाच्या नावावर चढले. दोन्ही झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. अशा एकत्र बांधलेल्या नोंदींना व्यवहार म्हणतात. या विषयाचा पाया घालणाऱ्यांतले एक, जिम ग्रे, यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की व्यवहार जोडणीचा असतो. खिडकी डेटाबेसच्या खिजगणतीतही नसते.

म्हणून पहिला मार्ग, दर खिडकीला स्वतःची जोडणी, फसवा आहे. एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्या डेटाबेसला दोन अनोळखी माणसांसारख्या दिसतात. एकीने बदल सुरू करून अर्धवट सोडला आणि माणूस चहाला गेला, तर दुसरी तिष्ठत राहते.

दुसरा मार्ग, सगळ्यांना मिळून एकच जोडणी, वरवर काटकसरीचा वाटतो. पण मग व्यवहारही सगळ्यांचा एकच होतो. देवघेवीच्या खिडकीतले काम अर्धे असताना सभासदांच्या खिडकीने ‘कायम करा’ म्हटले, की ते अर्धे कामही कायम होते. तिने ‘रद्द करा’ म्हटले, तर शेजारणीचे श्रमही पुसले जातात.

तिसरा मार्ग मला योग्य वाटतो. काही मोजक्या जोडण्या एका ठिकाणी तयार ठेवायच्या. खिडकीने काम निघाले की एक मागून घ्यायची, व्यवहार पुरा करायचा आणि लगेच परत द्यायची. जोडणीचे आयुष्य कामाएवढे. खिडकी दिवसभर उघडी राहो. माणूस विचार करत असताना कुठलाही व्यवहार उघडा ठेवायचा नाही, हा यातला मुख्य नियम.

लहान ग्रंथालयांत स्वतंत्र सर्व्हर नसतो. तिथे ‘एसक्यूलाइट’ उपयोगी पडतो. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी काम करताना, सर्व्हर बंद पडला की प्रोग्रामही अडतो, या अनुभवातून डी. रिचर्ड हिप यांनी 2000 साली तो तयार केला. सारा डेटाबेस एका फाइलमध्ये, मध्ये सर्व्हर नाही. वाचणारे अनेक चालतात. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. 2010 मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये उतरवले जातात, त्यामुळे वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. तरीही एखाद्या खिडकीने वाचन उघडेच ठेवले, तर ती बदलांची फाइल रिकामी होऊ शकत नाही आणि फुगत जाते. तंत्र सुधारले, तरी शिस्त सुटत नाही.

जोडणी परत दिली, की नवा प्रश्न उभा राहतो: खिडकीत दिसते ते आता शिळे असू शकते. माझ्या पाहण्यातल्या एका ग्रंथालयात एका सभासदाने अनामत 500 वरून 1000 रुपये केली आणि तशी नोंद झाली. दुसऱ्या संगणकावर त्यांचीच माहिती सकाळपासून उघडी होती. तिथे फक्त फोन नंबर बदलला, पण त्या जुन्या प्रोग्रामने सगळी नोंद पुन्हा लिहिली आणि अनामत परत 500 झाली. सभासदत्व सोडताना त्यांच्याकडे पावती होती, म्हणून पूर्ण पैसे मिळाले. पावती हरवली असती, तर यंत्राचेच खरे मानले गेले असते.

यावरचा उपाय साधा आहे आणि त्यामागचा विचार कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 मध्ये मांडला होता: आधी अडवू नका, शेवटी तपासा. प्रत्येक नोंदीला एक आवृत्ती-क्रमांक द्यायचा. नोंद वाचताना क्रमांक 7 असेल, तर लिहिताना सांगायचे, ‘अजून 7 असेल तरच बदल आणि 8 कर.’ मध्ये कुणी हात लावला असेल, तर एकही नोंद बदलत नाही आणि प्रोग्रामला ते लगेच कळते. एकाच संगणकावरच्या खिडक्यांना तर प्रोग्राम स्वतःच निरोप देऊ शकतो, की ही नोंद बदलली, पुन्हा वाचा.

पुढे काय करायचे, ते यंत्राने ठरवू नये, असे मला वाटते. पडद्यावर जुनी आणि नवी नोंद शेजारी शेजारी दाखवावी आणि काउंटरवरच्या माणसाला विचारावे. त्याच्यासमोर तो सभासद उभा असतो, डेटाबेससमोर नसतो.